पत्रा वेगळा, जर्मल वेगळं

कोकणातून येणारा आमरसाचा ८५० ग्रॅमचा डबा फोडून रस वाट्यांत वाढून झाला की मागे उरतो तो जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम पत्रा. किलोभर पत्रा व्हायला असे आठ-दहा डबे हवेत. हंगाम सरल्यावर सणावाराला, पाहुण्यारावळ्यांसाठी हे डबे फुटतात. अधिक महिन्यात दोन जावई जेवून गेले तरी चौकोनी कुटुंबात वर्षाकाठी दहाचा आकडा गाठणं अवघडच. आणि तो गाठला, तरी किलोभर पत्र्याच्या पैशांत दोघांचा कटिंग चहा होतो. सोबत क्रीमरोल हवा असेल तर पदरचे घालावे लागतात.

तरीही डबे साठवले जातात. माळ्यावर, गॅलरीत, जिन्याखाली, मोरीच्या कोपऱ्यात. दूध पावडरीचे, रसगुल्ल्यांचे, तुपाचे, रंगाचे, झुरळांच्या फवाऱ्याचे आणि अलीकडे थंड पेयांचे नि बिअरचे. साठवणारा प्रत्येकजण विचारल्यावर एकच सांगतो, की भंगारात जातात, चार पैसे येतात. या उत्तरावर फार विश्वास ठेवू नये. प्रस्तुत लेखक याच पंथातला असल्यामुळे त्याला आतली गोष्ट ठाऊक आहे. खरी गोडी असते ती निवडण्याची. सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या बाईला खडा सापडल्यावर जे समाधान मिळतं, त्याच जातीचं हे समाधान आहे. घरातल्या इतरांना ते कळत नाही, त्यांना फक्त गॅलरीतली तीन पोती दिसतात.

पण पुढचा अख्खा धंदा याच एका कामावर उभा आहे. कचरा वेचणारी बाई, हातगाडीवाला, गल्लीतला भंगारवाला, नाक्यावरचा मोठा व्यापारी, त्यापलीकडे भट्टीवाला. यांतला कुणीही धातू तयार करत नाही. खालून आलेला माल प्रत्येकजण आणखी थोडा वेगळा करून वर पाठवतो आणि त्या वेगळं करण्याचे पैसे घेतो. घर ही या जिन्याची सगळ्यात खालची पायरी. तिथे पाच मिनिटांत होणारं काम वरच्या पायरीवर करायचं तर दिवस जातो, कारण तोवर डब्यात भाताची शितं, चहाचा चोथा आणि शेजाऱ्यांच्या घरची काच येऊन बसलेली असते.

निवडीचं पहिलं हत्यार म्हणजे लोहचुंबक. मोडक्या स्पीकरच्या पाठीतून निघणारा गोल, काळा चुंबक उत्तम. फ्रिजवर लावायची शोभेची मऊ पट्टी या कामाची नाही, तिच्यात जोर नसतो. चुंबक चिकटला तर पत्रा. नाही चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियम, ज्याला खेड्यापाड्यांत आणि कित्येक भंगारवाल्यांच्या तोंडी अजून जर्मलच म्हणतात. मध्ये एक चकवा असतो तो स्टीलचा. निकेल असलेलं चांगलं स्टील चुंबकाला दाद देत नाही, निकेल नसलेलं चटकन चिकटतं. तिथे हातानं वजन पाहावं. सारख्याच मापाचं स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट भरतं, आणि एकदा हात बसला की काटा लागत नाही. अंगावर फवारायच्या सुगंधाच्या डब्या बाहेरून एकसारख्या रंगवलेल्या असतात, पण काही पत्र्याच्या निघतात आणि काही जर्मलच्या. चुंबक जवळ नसेल तर अंगावरची उभी शिवण शोधावी. गुंडाळून जोडलेल्या पत्र्याच्या डबीला ती असते. ॲल्युमिनियमची डबी एकसंध ओढून काढलेली असल्यामुळे तिला शिवण नसते.

हा पत्रासुद्धा निव्वळ लोखंड नव्हे. खाण्याच्या पदार्थाचा डबा होतो तो पातळ पोलादी पत्र्याच्या दोन्ही अंगांना कथलाचा मुलामा देऊन. पितळेचं पातेलं तापवून, नवसागर मारून कल्हईवाला कापसाच्या बोळ्यानं जो धातू आतून फिरवतो, तोच हा. कारखान्यात मात्र हा मुलामा चौरस मीटरला काही ग्रॅम इतकाच बसतो. आमरस, टोमॅटो अशा आंबट मालासाठी त्यावर आतून पुष्कळदा आणखी एक लाखेसारखा लेप असतो, डबा फोडल्यावर दिसणारा सोनेरी रंग बहुधा त्याचाच. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचं पेटंट पीटर ड्युरँडनं इंग्लंडमध्ये घेतलं ते १८१० साली. डबा उघडायचं खास हत्यार निघालं १८५० नंतर. मधली चाळीसेक वर्षं लोक छिन्नी-हातोड्यानं जेवण उघडत होते.

महाराष्ट्राच्या घरांत डबा आधी आला तो रॉकेलचा. चार गॅलनचा, म्हणजे साधारण अठरा लिटरचा चौकोनी डबा. त्यातलं रॉकेल संपलं की डब्याचं खरं आयुष्य सुरू व्हायचं. वरचं तोंड कापून, आडवी लाकडी दांडी ठोकून त्यात विहिरीचं पाणी वाहिलं जाई, धान्य भरलं जाई, लग्नाच्या पंगतीचं पाणी तापवलं जाई. शेवटी तो उलगडून, चपटा करून गोठ्याच्या कुडाला नाहीतर झोपडीच्या छपराला ठोकला जाई. मग १९३७ पासून डालडा आला. पिवळ्या डब्यावरचं ताडाचं झाड दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत बसलं. त्या डब्यात तुळस लागली, मिरच्या राहिल्या, आणि परसाकडे जाताना हातात धरायच्या टमरेलाचं कामही त्यानं विनातक्रार केलं. पत्र्याची कामं करणारा कारागीर अशाच जुन्या डब्यांतून चिमण्या, नरसाळी, मापटी, चाळण्या आणि कोळशाच्या शेगड्या करून देई. तेव्हा डबा भट्टीपर्यंत पोचायला वीस वर्षं घ्यायचा. आता तो पंधरा दिवसांत पोचतो, कारण मधले सगळे थांबे प्लास्टिकनं काढून घेतले.

त्या जुन्या थांब्यांपैकी एक मात्र शाबूत आहे: पंधरा किलो तेलाचा चौकोनी डबा. याला भंगारात वेगळाच मान आहे. पोचे नसलेला, गंज न धरलेला डबा दुकानदार किलोवर घेत नाही, नगावर घेतो आणि वजनानं आले असते त्यापेक्षा जास्त पैसे देतो. धारावीच्या तेरा नंबर कंपाउंडात असे डबे डोंगरासारखे रचलेले असतात. तिथे ते उकळत्या पाण्यात धुतले जातात, कोपरे ठोकून सरळ केले जातात आणि पुन्हा कामाला निघतात. खाद्यतेलाच्या वाटेनं त्यांनी परत जाऊ नये असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. एकदा वापरलेला पत्र्याचा डबा खाद्यतेल भरायला पुन्हा वापरता येत नाही. इतर कामं त्याला पुष्कळ आहेत. म्हणून या डब्याच्या बाबतीत उत्साही माणसानं हातोडा लांब ठेवावा. चपटा केला की तो नगावरून किलोवर उतरतो, आणि हा उतार फार मोठा असतो.

कॅनचं नेमकं उलटं. पेयाचा ॲल्युमिनियमचा रिकामा कॅन तेरा ते पंधरा ग्रॅम भरतो. किलोला सत्तरच्या आसपास लागतात, आणि न चेपता ठेवले तर सत्तर कॅन एक अख्खं पोतं अडवतात. हे कॅन लांबून येत नाहीत. तळोज्यात आणि छत्रपती संभाजीनगरात ते बनवणारे कारखाने आहेत. अंगाचा पत्रा केसाच्या जाडीचा असतो, त्यामुळे पायाखाली घेतला की काम झालं. पण चेपायचा तो चपटा, चोळामोळा करून गोळा करायचा नाही. गोळा केलेल्या कॅनकडे भंगारवाला संशयानं पाहतो. वजन वाढवायला आत वाळू नाहीतर खडे भरायची युक्ती जगभर जुनी आहे आणि ती त्याच्यावर कुणीतरी आधीच करून झालेली असते. चपट्या कॅनमध्ये काही लपत नाही.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र हे कॅन चेपायचे नाहीत हे पहिल्या आठवड्यात शिकावं लागतं. तिथे २००३ पासून अशा कॅनवर अनामत रक्कम घेतली जाते, हल्ली ती २५ सेंट असते. रिकामा कॅन दुकानातल्या यंत्रात सरकवला की यंत्र त्यावरचा बारकोड वाचून पैशांची पावती देतं. चेपलेल्या कॅनचा बारकोड वाचता येत नाही, मग यंत्र तो परत ढकलतं. म्हणजे तिथे किंमत आहे ती खुणेला, धातूला कुणी विचारत नाही. आपल्याकडे खुणेला कुणी विचारत नाही, धातू तोलला जातो. दोन्हीकडचे नातेवाईक एकमेकांकडे राहायला गेले की पहिले काही दिवस स्वयंपाकघरात याच्यावरून वाद होतात.

धुण्याचं शास्त्र छोटं आहे. भांडी घासून झालेल्या पाण्यात डबा विसळायचा, वेगळं पाणी वापरायचं नाही. कागदाचं लेबल ओलं असतानाच निघतं. कापलेली कड पकडीनं आत वळवायची, नाहीतर कचरा हाताळणाऱ्या बाईच्या बोटाला ती पहिली भेटते. मग डबा पालथा घालून वाळवायचा आणि ठेवायचाही पालथाच. पावसाळ्यात गॅलरीतल्या उताण्या डब्यात बोटभर पाणी साचलं तरी डेंग्यूच्या एडिस डासाला अंडी घालायला ते पुरतं, आणि पालिकेची माणसं तपासणीला येतात तेव्हा त्यांचा पहिला डोळा अशा डब्यांवर असतो. प्रस्तुत लेखकाच्या सोसायटीत पत्रा साठवण्याला झालेला एकमेव मुद्देसूद विरोध हा होता. बाकीचा विरोध शोभेच्या नावानं होता, त्याला उत्तर द्यायची गरज वाटली नाही.

काही गोष्टी धातूच्या दिसतात आणि धातूच्या नसतात. बटाट्याच्या चिप्सची उंच नळकांडी कागदाची असते, आतून चंदेरी पापुद्रा, बूड तेवढं पत्र्याचं. तिला कुणी वाली नाही. बहुतेक औषधांच्या गोळ्यांची पट्टी एका अंगानं प्लास्टिक आणि दुसऱ्या अंगानं फॉइल असते, ती घरच्या घरी सोलता येत नाही. पूर्वी टूथपेस्टची नळी धातूची येई, आता बहुतेक पापुद्र्यांची येते. याउलट दूध पावडरीच्या डब्याचं झाकण काढलं की खाली सोलून काढायचा जाड चकचकीत पडदा असतो, तो पुष्कळदा ॲल्युमिनियमचा निघतो आणि लोक तो न पाहताच टाकतात. कुकरचं जुनं झाकण हे तर निवडणाऱ्याच्या परीक्षेचं भांडं. जर्मलचं अंग, बेकेलाइटची मूठ, लोखंडी स्क्रू, रबरी रिंग. तसंच नेलं तर दुकानदार लोखंड लागलेलं जर्मल म्हणून भाव पाडतो. पेचकस घेऊन दहा मिनिटं बसलं तर त्याच झाकणाला शुद्ध मालाचा भाव मिळतो. वायर मात्र सुटी करायला जाळू नये. तांबं काढायला वायर जाळणारे लोक जो धूर खातात आणि शेजाऱ्यांना खाऊ घालतात, त्याची भरपाई तांब्याच्या कुठल्याच भावात होत नाही.

रंगाचा डबा आणि कीटकनाशकाचा डबा यांच्याबद्दल नियम स्पष्ट आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ते घरगुती घातक कचऱ्यात टाकले, ओल्यातही नाहीत आणि सुक्यातही नाहीत. व्यवहारात रंगारी काम संपल्यावर डबे स्वतःच घेऊन जातो आणि त्यांचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही. फवाऱ्याच्या डब्यांत वायू दाबून भरलेला असतो. त्या बोटानं दाबून पूर्ण रिकाम्या कराव्यात, खिळ्यानं भोक पाडू नये, आणि पोतं उन्हात तर मुळीच ठेवू नये. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला न फुटलेली डबी फार भीतीची वाटते. ती नेमकी कुठल्या पोत्यातून आली हे शोधणं त्याला शक्य नसतं.

आता दुकान. गल्लीतला भंगारवाला ही संस्था साधारण तीन बाय चार मीटरच्या गाळ्यात मावते. दाराशी काटा, आत रद्दीचे गठ्ठे, मागे अंधारात लोखंड. तिथे जाताना दोन पथ्यं पाळावीत. पोतं उघडण्याआधी प्रत्येक जिनसाचा भाव विचारावा: पत्रा काय, जर्मल काय, स्टील काय, ओतीव लोखंड, म्हणजे बीड, काय, पितळ काय. एकदा सगळं एकत्र ओतलं की भाव सगळ्यात स्वस्त जिनसाचा लागतो, आणि तो लावणाऱ्याची त्यात काही चूक नाही, कारण निवडायचे कष्ट आता त्याच्या अंगावर आले. दुसरं पथ्य वजनाचं. घरच्या काट्यावर आधी तोलून, चिठ्ठीवर लिहून न्यावं. हुकाचा ताणकाटा असेल तर पोतं लटकताना तो नीट पाहावा, इलेक्ट्रॉनिक असेल तर शून्य पाहावं आणि वैधमापन खात्याचा शिक्का कुठे आहे तेही पाहावं. काटा मारणारे असतात. पण लेखकाचं मत असं, की पत्र्याच्या बाबतीत काटा मारून दुकानदाराला जे मिळतं त्यापेक्षा त्याचं गिऱ्हाईक तुटण्याचं नुकसान मोठं असतं. काटा तांब्या-पितळेवर मारला जातो, आणि गिऱ्हाईक नेमकं तेव्हा शेजारच्या दुकानातल्या पाटीकडे बघत असतं.

दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात जाऊ नये. तेव्हा सगळं गाव पोती घेऊन दारात उभं असतं आणि भाव विचारायलाही फुरसत मिळत नाही. गणपती उठल्यावर, पाऊस ओसरला की जावं. खेड्यात ही अडचण नाही, तिथे भंगारवाला सायकलीवर दारी येतो आणि कित्येकदा पैसे न देता कांदे-लसूण तोलून देतो. पोरांना तो गारेगार देतो, त्यामुळे उन्हाळ्यात गावातल्या मोटारींची, पंपांची आणि कुलपांची काळजी घ्यावी लागते.

पत्र्याला इतका कमी भाव का, हा प्रश्न साठवणाऱ्याला छळतो. लोखंडाच्या सळईचा तुकडा आणि डब्याचा पत्रा, दोन्ही लोखंडच, मग पत्रा मागे का? याचं उत्तर गल्लीत नाही, जालन्यात आहे. जालना हे बांधकामाच्या सळयांचं गाव. तिथल्या विजेच्या भट्ट्या भंगार वितळवून पोलाद ओततात. भट्टीवाल्याच्या दृष्टीनं डब्याच्या पत्र्यात खोटच खोट आहे. एक तर तो हलका. ट्रक भरतो पण टनांचा आकडा चढत नाही, म्हणून आधी दाबून त्याचे गठ्ठे करावे लागतात. दुसरं म्हणजे पातळ असल्यामुळे वितळण्याआधीच त्याचा बराच भाग हवेशी संयोग पावून मळीत जातो. तिसरी खोट सगळ्यात चिवट आहे, ती कथलाची. सोळाशे अंशांच्या आसपासच्या पोलादी रसातून कितीतरी अशुद्ध द्रव्यं जळून किंवा मळीवाटे निघून जातात, पण कथील जात नाही. ते लोखंडातच राहतं, आणि प्रमाण वाढलं तर तापून लाल झालेलं पोलाद लाटताना त्याला चिरा पडतात. ज्या मुलाम्यानं आमरस वर्षभर टिकवला, तोच मुलामा पुढच्या जन्मी सळईला नडतो. म्हणून भट्टीवाला पत्रा घेतो, पण जाड लोखंडात थोडाथोडा मिसळायला घेतो, आणि ही अडचण पायरी-पायरीनं खाली उतरत गल्लीतल्या भावापर्यंत येते.

ॲल्युमिनियमची गोष्ट सुखाची. ते ६६० अंशांनाच वितळतं. बॉक्साइटपासून नवं ॲल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत जुनं पुन्हा ओतता येतं. नवं ॲल्युमिनियम खनिजातून विजेनं फोडून काढावं लागतं, जुन्याला फक्त उष्णता पुरते, असा हा हिशोब आहे. कोल्हापूरच्या राधानगरी भागातल्या डोंगरमाथ्यांवर बॉक्साइटच्या खाणी आहेत. ज्यांनी तिथली उकरलेली लाल पठारं पाहिली आहेत, त्यांना सत्तर कॅन म्हणजे एक किलो हा हिशोब निराळ्या तऱ्हेनं आठवतो. तरी कॅनचा भाव भांड्यांच्या जर्मलपेक्षा कमीच असतो. पातळ अंगामुळे इथेही जळून घट होते, वरचा रंग आणि लेप जाळावा लागतो, आणि झाकणाचं मिश्रण अंगाच्या मिश्रणाहून वेगळं असतं, झाकणात मॅग्नेशियम अधिक. आपल्याकडे त्यातून परत कॅनच होतो असं नाही. बराचसा माल लहान भट्ट्यांत ओतला जाऊन विटा होतात, त्यांतून ओतीव भाग निघतात, आणि काही पोलाद कारखान्यांत रसातला प्राणवायू काढून घ्यायला जातो. म्हणजे एखादा कॅन अखेर पोलादाच्याच भट्टीत पोचू शकतो. चुंबकानं ज्याला घरी वेगळं काढलं, तो पुन्हा लोखंडाच्या घरी नांदायला जातो.

या सगळ्या उलाढालीच्या खालच्या पायऱ्यांवर पावती नावाची गोष्ट नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटीत असा बदल झाला, की नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यानं कर स्वतःच भरायचा. घरातून पोतं नेणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. नाक्यावरच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या हिशोबाच्या वहीत मात्र तो दिसतो.

आणि आता तो प्रश्न, जो निवडीचा छंद लागलेल्या माणसाला कधीतरी अडवतोच. घरात निवडून ठेवलेला कॅन मुळात कुणाचा?

पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती १९९३ साली. डॉ. बाबा आढावांचा पुढाकार होता, आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या काम उभारण्यात होत्या. संघटनेतल्या बहुतेक सभासद दलित समाजातल्या बाया, त्यांतल्या कित्येकींची घरं १९७२ च्या दुष्काळानंतर शहरात आलेली. कचराकुंडीत वाकून, उघड्या हातांनी पत्रा नि कागद वेचणं हे काम आहे, चोरी नाही आणि भीकही नाही, हे मान्य करून घ्यायला त्यांना मोर्चे काढावे लागले. पुढे २००७ मध्ये त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि पालिकेशी करार होऊन घरोघरचा कचरा त्या उचलू लागल्या. मुंबईत स्त्रीमुक्ती संघटनेनं हेच काम ‘परिसर विकास’ या नावानं बांधलं. पुण्यातल्या बाईची कमाई दोन वाटांनी होते. एक घरटी मिळणारं सेवाशुल्क, आणि दुसरी सुक्या कचऱ्यातून निघणारा विकाऊ माल.

म्हणजे घरमालकानं कॅन, पत्रा, पुठ्ठा, जाड प्लास्टिक असा पैसेवाला माल स्वतः दुकानात नेला आणि बादलीत चिप्सच्या पिशव्या, डायपर नि फुटकी काच ठेवली, तर त्यानं साय काढून ताक दिलं. कचरा तेवढाच उचलावा लागला, मोबदल्यातून मात्र जर्मल गेलं. कटिंग चहाच्या पैशांसाठी हा व्यवहार बरा नव्हे, असं लेखकाचं मत पडतं. जर्मनीत शहाणी माणसं रिकाम्या बाटल्या नि कॅन कचरापेटीच्या आत टाकत नाहीत, शेजारी उभे करून ठेवतात, म्हणजे गोळा करून अनामत मिळवणाऱ्याला पेटीत हात घालावा लागत नाही. पुण्याच्या सोसायटीत त्याहून सोपं आहे, कारण इथे बाई दारात येते.

त्यामुळे लेखकाच्या घरच्या तीन पोत्यांची वाटणी आता बदलली आहे. कॅन आणि धुतलेले डबे चपटे करून वेगळ्या पिशवीत बाईच्या हातात जातात. ती त्याच क्षणी पिशवीत हात घालून जर्मल एका बाजूला करते आणि पत्रा दुसऱ्या, कारण तिच्या ओळखीच्या दुकानात दोन्ही वेगवेगळ्या दिवशी उचलले जातात. तेलाचा चौकोनी डबा ती पोचे तपासून नगावर नेते. रंगाचे डबे ती घेत नाही आणि त्यांचं काय करायचं हे ठणकावून सांगते. दुसरं पोतं मोडक्या कुकरचं, गिझरच्या भागांचं, खुर्चीच्या पायांचं. ते वजनदार असतं आणि जिन्यावरून तिनं उतरवावं अशी अपेक्षा करणं गैर, म्हणून ते गणपतीनंतर रिक्षानं दुकानात जातं. तिसऱ्या पोत्यात पितळेची मोड आहे: जुने नळ, एक उभा चिरलेला तांब्या, दोन समया ज्यांचे खांब हरवले. यावर घरात एकमत नाही. एक पक्ष म्हणतो भांड्यांच्या दुकानात मोड देऊन, घडणावळ भरून नवा हंडा घ्यावा. दुसरा पक्ष म्हणतो सध्या भाव चढतो आहे, थांबावं. तिसऱ्या पक्षाला, म्हणजे घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला, समयांचे खांब माळ्यावर सापडतील अशी पक्की खात्री आहे, आणि माळ्यावर चढायला कुणी तयार नाही.